शाखा नव्हे, सेवा केंद्र

डॉ. कुंदा गायकवाड माणसं नावानं लक्षात ठेवत नसत, हाडानं ठेवत. विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेरच्या भाजीबाजारातून त्यांच्याबरोबर चालायची वेळ माझ्यावर एकदाच आली. तेव्हा त्यांनी भेंडीवाल्याला विचारलं, "काय रे उजवा खुबा, जिना चढतोस का आता?" कोथिंबीर विकणाऱ्या बाईला दटावलं, "डावं मनगट, पाट्या उचलू नकोस म्हटलं होतं ना?" मग माझ्याकडे वळल्या. "तुमचं काही मोडलेलं दिसत नाही, वकील. मान तेवढी अवघडलेली आहे. सारखं हो म्हणायची सवय लागली की होते तशी."

मी हसलो. कोर्टात वीस-बावीस वर्षं काढली की हसून वेळ मारून न्यायची कला आपोआप येते. बाई हसल्या नाहीत.

त्या दिवशी मी त्यांच्या नर्सिंग होममध्ये कागद तपासायला गेलेलो. त्यांनी ज्या विमा कंपनीवर दावा लावला होता, तिचा मी वकील. त्या भाजी घेऊन परतत होत्या, वाटेत गाठ पडली आणि त्यांनी मला सरळ सोबत चालवत नेलं. प्रतिपक्षाच्या वकिलाला भाजीची पिशवी धरायला देणारी ही पहिलीच बाई मी पाहिली.

साठीच्या आसपास वय. उंची कमी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, एप्रनच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. बोलता बोलता त्या शेंगदाणे सोलायच्या आणि फोलपटं त्याच खिशात टाकायच्या. नर्सिंग होम बारा खाटांचं, दोन मजली. तपासणीच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी गुडघ्याच्या सांध्याचं प्लास्टिकचं मॉडेल, आणि दोन्ही रोज पुसलेले. त्यांच्या घरी कोण होतं, शिक्षण कुठं झालं, हे मला नीट ठाऊक नाही. ते विचारायच्या जागी मी कधीच नव्हतो.

ठाऊक आहे तो त्यांचा नियम, कारण तो विठ्ठलवाडीपासून उल्हासनगरच्या कॅम्प-वस्त्यांपर्यंत सगळ्या रिक्षावाल्यांना ठाऊक होता. 'आधी टेबलावर, मग टेबलाशी.' म्हणजे अपघातातला माणूस आला की तो आधी ऑपरेशनच्या टेबलावर जाणार. नातेवाइकांनी पैशाच्या टेबलाशी यायचं ते त्यानंतर. डिपॉझिट नाही. त्यामुळे रस्त्यावर कुणी पडलेला दिसला की रिक्षावाले दुसरा विचार न करता तिकडे हँडल वळवायचे. माझी आणि बाईंची जी काही लढाई झाली, ती दिसायला बिलांची होती. खरं म्हणजे पणाला लागला होता तो हा नियम. हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. मलाही कळत होतं. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी आता ठेवत नाही.

सुरुवात दत्ता भोईरपासून झाली. दत्ता नेवाळीकडचा, स्वतःचा टेम्पो चालवणारा. बदलापूर रस्त्यावर पुलाच्या उतारावर टेम्पो उलटला आणि त्याच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रिक्षावाल्यानं त्याला बाईंकडे आणलं. पाठोपाठ दोन पोलीस ठाण्यांचे दोन हवालदार आले, आणि अपघात आपल्या हद्दीत झालेला नाही हे एकमेकांना पटवू लागले. एक म्हणे पूल संपला की तुमचं, दुसरा म्हणे पूल संपतो कुठं ते आधी बघा. हे चाललं होतं ऑपरेशन थिएटरच्या दारात. बाई हातमोजे घालूनच बाहेर आल्या. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. समोरच्याला ऐकायला पुढे वाकावं लागे.

"पाय कुठल्या हद्दीत मोडला ते तुम्ही चहा पिऊन ठरवा," त्या म्हणाल्या. "कुठल्या हाडात मोडलाय ते मला कळलंय. दार सोडा."

हा किस्सा त्यांनी पुढे कोर्टातही सांगितला. त्याचा दाव्याशी काही संबंध नव्हता, तरी न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं नाही. मी हरकत घ्यायला अर्धा उठलो आणि पुन्हा बसलो.

दत्ताकडे आमच्या कंपनीची अपघात पॉलिसी होती. चूक कुणाची हे न विचारता उपचाराचा खर्च देणारी. जाहिरातच तशी होती: चूक विचारणार नाही. आणि कंपनीनं शब्द पाळला. चूक कुणाची हे आम्ही कुणाला कधीच विचारलं नाही. आम्ही विचारलं, कोर्ट कुणाचं.

दत्ताकडे पैसे नव्हते, म्हणून कंपनीकडून खर्च वसूल करण्याचा आपला हक्क त्यानं बाईंच्या नर्सिंग होमला लिहून दिला. तो कागद मी तपासला. त्यात खोट काढता येत नव्हती. बाईंनी तो दत्ताला दोनदा वाचून दाखवला होता, कारण तो म्हणाला होता, "बाय, मना सही येतं, वाचाला नाय येत." कंपनीनं आधी एक त्रुटी काढली, मग दुसरी, मग उत्तर देणंच बंद केलं. तेव्हा बाईंनी कल्याणच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्यांचा पहिला वकील दोन वर्षं तारखा घेत राहिला. "प्लास्टर घालून विसरून जाणारा डॉक्टर पाहिलाय का तुम्ही?" असं म्हणून बाईंनी त्याच्याकडून फाइल काढून घेतली आणि स्वतः उभ्या राहू लागल्या.

आता माझं काम सांगतो. मी राहतो वर्तकनगरला. ऑफिस खोपटला, एसटी डेपोच्या मागे, एका झेरॉक्सच्या दुकानावर. कंपनीच्या वतीनं दिलेल्या माझ्या प्रत्येक जबाबाचा पहिला परिच्छेद एकच असायचा: या न्यायालयास सदर दावा चालविण्याचा अधिकार नाही, कारण प्रतिवादी कंपनी या न्यायालयाच्या हद्दीत व्यवसाय करीत नाही. कॉम्प्युटरवर तो 'पहिला' या नावानं ठेवलेला होता. प्रत्येक वेळी फक्त समोरच्याचं नाव बदलायचं. शेकडो वेळा बदललं असेल. दवाखाने, विधवा, एकदा एक मुका गवंडी. खरा की खोटा हा प्रश्न त्या परिच्छेदाला कधी पडलाच नाही. समोरचा दमेपर्यंत टिकणं एवढंच त्याचं काम होतं, आणि ते त्यानं चोख केलं.

बाईंच्या दाव्यात तोच परिच्छेद टाकला, आणि कंपनीचे कल्याणचे मॅनेजर सरदेसाई यांचा फोन आला.

"वकीलसाहेब, तुम्ही लिहिलंय की कल्याणला आपली शाखाच नाही."

"हो."

"अहो, पण बाहेर पाटी आहे ना. केवढी मोठी. शाखा कार्यालय, कल्याण पश्चिम."

मी म्हणालो, "पाटी वस्तुस्थितीला धरून असावी."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्ही बघा. मी काही सांगितलेलं नाही."

"कळलं," सरदेसाई म्हणाले. हुशार माणूस.

चार दिवसांनी पाटीवर 'ग्राहक सेवा केंद्र' आलं. आत तेच टेबल, तीच माणसं, त्याच पॉलिस्या, कोपऱ्यात तोच पाण्याचा फिल्टर. मी नव्या पाटीचा फोटो मागवला आणि सरदेसाईंच्या प्रतिज्ञापत्राला जोडला. प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्यांनीच आधी करून पाठवला होता. त्यात लिहिलं होतं, 'येथे शाखा नाही.' मी पेन्सिलीनं एक शब्द वाढवला. 'येथे कधीही शाखा नव्हती.' सरदेसाईंचं वाक्य निदान त्या दिवसापुरतं तरी खरं म्हणता आलं असतं. 'कधीही' हा शब्द माझा आहे. एवढी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

युक्तिवादाच्या दिवशी बाई एप्रनवरच आल्या होत्या. न्यायाधीशांनी विचारलं, "डॉक्टर, प्रतिवादींचं म्हणणं आहे की त्यांचा कल्याणमध्ये व्यवसाय नाही. तुमचं काय म्हणणं?"

"सर, मी स्वतः तिथं जाऊन आले. दीड तास बसले. दत्ता भोईरनं पॉलिसी तिथंच घेतली. तिथं माणसं होती, शिक्के होते. मी तिथं पाणी प्यायले."

मी उठलो. "पाणी पाजणं हे विमा व्यवसायाचं लक्षण नाही, सर."

सगळे हसले. मागच्या बाकावरचे ज्युनियर हसले, शिरस्तेदार हसले, न्यायाधीशांच्याही ओठांचा कोपरा हलला. दुपारी बाररूममध्ये तिघांनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि मी म्हटलं. आज ते आठवलं की तोंड कडू होतं. खांद्याला रक्त लागलेल्या एप्रनमध्ये उभी असलेली बाई, आणि तिच्या खऱ्या बोलण्यावर मी मिळवलेलं ते हसू.

बाईंनी हसणं ओसरू दिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "सर, मागच्या महिन्यापर्यंत तिथं पाटीवर शाखा लिहिलेलं होतं."

"काही पुरावा? फोटो वगैरे?"

"मी हाडांचे फोटो काढते, सर. पाट्यांचे नाही."

पॉलिसी छापली गेली होती कोलकात्याला, कारण कंपनीचं मुख्य कार्यालय तिकडे. अटींच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात तिथल्याच कोर्टाचा उल्लेख होता. त्यावर आमचं प्रतिज्ञापत्र. वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत करावं असा आदेश झाला. न्यायाधीशांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जे ठेवलं ते त्यांनी पाहिलं, आणि ते ठेवणारा मी होतो.

बाहेर व्हरांड्यात बाई तो आदेश उभ्यानंच वाचत होत्या. मला बोलावलं. "परत म्हणजे काय हो, वकील? चूक असेल तर चूक म्हणा, खोटं असेल तर खोटं म्हणा. परत काय? आम्ही पेशंट परत पाठवत नाही."

"तांत्रिक बाब आहे, मॅडम. दावा बुडाला नाही. तिकडे लावा."

"तिकडे," त्या म्हणाल्या, आणि एप्रनच्या खिशात हात घालून नुसतीच फोलपटं चिवडत राहिल्या.

त्या तिकडे गेल्या. हे कंपनीत कुणाच्याही हिशेबात नव्हतं. परत आलेलं वादपत्र घेऊन कोलकात्याला जाणारा दवाखाना आजवर कुणी पाहिला नव्हता. बाई तीन वेळा गेल्या, दर वेळी चार-चार दिवस ओपीडी बंद ठेवून. तिथल्या कंपनीच्या वकिलानं मला फोन केला, काहीतरी मुद्दा द्या म्हणून. मी अर्ध्या तासात लिहून पाठवला. अपघात कल्याणजवळ, उपचार विठ्ठलवाडीत, जखमी इसम तिथला, दवाखाना तिथला, आणि कंपनीचं कार्यालयही कल्याणात उपलब्ध. सबब कल्याणचंच न्यायालय सक्षम.

हो, मीच लिहिलं. कल्याणची फाइल आणि कोलकात्याची फाइल माझ्या एकाच कपाटात, एकाच फळीवर, एकमेकींना टेकून उभ्या होत्या. एका तोंडानं दोन कोर्टांत दोन गोष्टी बोलता येत नाहीत असा कायदा आहे. बाईंनी तो शोधून काढला, कल्याणच्या आदेशाची नक्कल जोडून अर्जही दिला. त्या अर्जावर निकाल लागला नाही, तारीख लागली. मग दुसरी लागली. न्यायाधीश बदलले, पुन्हा तारीख. माणसाला नाही म्हणायचं नसतं, हो तर नसतंच, त्याला फक्त दारं मोजायला लावायची असतात. हा धंदा मी कायद्याच्या नावानं केला. लोक मला 'सर' म्हणत होते.

एव्हाना दत्तासारखे आणखी दहा-अकरा पेशंट बाईंच्या गळ्यात पडले होते आणि प्रत्येकाच्या दाव्यात माझा 'पहिला' बसला होता. प्लेटा-स्क्रू पुरवणाऱ्यांनी उधारी बंद केली. बाईंनी एक मजला भाड्यानं दिला.

मग एके दिवशी सरदेसाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "साहेब, विठ्ठलवाडीच्या बाईंनी डिपॉझिट सुरू केलंय. आता नवीन केसेस यायच्या बंद. पार्टी लागते तुम्हाला."

मी फोन ठेवला. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं. मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटला, आणि हाताशी होता तो फक्त माझाच. त्याच महिन्यात मी कंपनीच्या फाइली परत केल्या. तब्येतीचं कारण दिलं. तेव्हाही खरं कारण लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी विठ्ठलवाडीला गेलो. बाई तपासणीच्या खोलीत एकट्याच होत्या. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं की पाटी माझ्या सांगण्यावरून बदलली.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

"कसं?"

"ज्यानं रंगवली तो माझाच पेशंट. उजवं मनगट. वकिलानं बदलायला सांगितलंय असं मॅनेजर त्याला म्हणाले होते. येऊन सांगून गेला, युक्तिवादाच्या आधीच."

"मग कोर्टात का नाही आणलंत त्याला? एका साक्षीत निकाल फिरला असता."

"तुम्ही काय विचारलं असतं त्याला?"

काय विचारलं असतं ते मला पाठ होतं. कामाची पावती आहे का, दारू घेता का, बाईंचे किती पैसे देणं लागता.

"माझं बिल बाकी होतं त्याच्याकडे," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला तिथं उभा सोलला असता. कल्याणातल्या अर्ध्या ऑफिसांच्या पाट्या तो रंगवतो. दुसऱ्या दिवसापासून त्याला ब्रश कुणी धरू दिला असता? मनगट मी बसवलंय त्याचं. पुन्हा मोडायला कोर्टात नेऊ?"

मग त्यांनी शेंगदाण्यांचा हात झटकला आणि थेट माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आता सांगितलंत ते लिहून द्याल? स्टँप पेपरवर, सहीनं?"

मी म्हणालो, "मॅडम, अशिलाशी झालेलं बोलणं वकिलाला उघड करता येत नाही. गोपनीयता असते."

हे बोलताना मला ठाऊक होतं की फसवणूक लपवायला ती गोपनीयता चालत नाही. कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात ते. मी घाबरलो होतो, वकिलीची सनद जाईल म्हणून आणि लोक काय म्हणतील म्हणून. कबुली द्यायला आलेलो मी कबुलीवरही हरकत घेऊन बसलो.

बाई मंद हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. "म्हणजे इथंही तुम्हाला अधिकार नाही," त्या म्हणाल्या. "मग आलात कशाला, वकील? हलकं व्हायला? माझ्याकडे हाडाचं बघतात. पोटाचं नाही."

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. एक अॅम्ब्युलन्स दारात लागली होती. आत विशीतला एक मुलगा, डिलिव्हरीचा टी-शर्ट, गुडघ्याखालचा पाय वाकडा. सोबत त्याचा भाऊ. काउंटरवरच्या मुलीनं भावाला डिपॉझिटचा आकडा सांगितला. सांगताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती, बाईंच्या दाराकडे पाहत होती. भाऊ म्हणाला, "ताई, संध्याकाळपर्यंत करतो ना. आई गावाला आहे. एवढा एक दिवस."

बाई बाहेर गेल्या. मीही मागे गेलो. अॅम्ब्युलन्समध्ये चढून त्यांनी स्वतःच्या हातानं फळी लावली, पट्टा बांधला, इंजेक्शन दिलं. मुलगा विव्हळत होता, त्याला म्हणाल्या, "हलू नकोस बाळा, नडगी आहे, बसते चांगली." मग त्या उतरल्या, आणि खालीच उभ्या राहिल्या. स्ट्रेचर काढा असं त्या म्हणाल्या नाहीत. वॉर्डबॉय हात पुढे करून थांबला होता. त्यानं हात मागे घेतला.

मी पाकीट काढलं.

"ठेवा ते," बाई म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की मला वाकावं लागलं. "आज तुम्ही भराल. उद्याच्याला कोण भरणार? रोज येऊन बसणार आहात इथं?"

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, मग कुठं नेऊ?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "यांना विचार. कुठं न्यायचं ते यांना चांगलं समजतं."

ड्रायव्हर माझ्याकडे बघू लागला. भाऊही. मी कोण, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. डॉक्टर असेन असं वाटलं असावं. मी 'सिव्हिल' म्हणालो. ठाण्याचं सिव्हिल तिथून किती लांब आहे ते मला माहीत होतं, रस्त्यावर त्या वेळी किती गाड्या असतात तेही. ड्रायव्हरनं मान हलवली, भाऊ मागे चढला, आणि अॅम्ब्युलन्स बाजारातून हॉर्न वाजवत निघाली.

बाई ती वळणापर्यंत बघत राहिल्या. त्यांच्या हातात गुंडाळी झालेला उरलेला बँडेजचा तुकडा होता. तो त्यांनी नीट घडी करून खिशात घातला. मग माझ्याकडे न पाहता आत गेल्या. ते दार आपोआप बंद होणारं होतं. तरी त्यांनी मागे वळून ते हातानं ओढून लावून घेतलं.

हे मी आता लिहून दिलं आहे. खाली माझी सही आहे, आणि एक प्रत मी कल्याण कोर्टाच्या आवक खिडकीवर शिक्का मारून दिली आहे. खिडकीवरच्या माणसानं विचारलं की हे कुठल्या कोर्टापुढे ठेवायचं. मी म्हटलं, तुम्ही घ्या तर आधी.